पिवळ्या दोरीचं कार्ड

आमच्या वॉर्डात पुठ्ठ्याचा एक खोका आहे. घरी गेलेल्या पोरांचे राहिलेले मोजे त्यात टाकतो. गंमत अशी की मोजा कधी जोडीनं राहत नाही, एकच राहतो. टाकून द्यायला हात होत नाही आणि न्यायला परत कुणी येत नाही. किश्श्यांचंही तसंच आहे. पोरं बरी होऊन जातात, किस्सा वॉर्डात राहतो. आता खोका भरत आलाय, म्हणून थोडे बाहेर काढते.

मी रेश्मा मुलाणी, सणसरची. शाळा सातवीपर्यंत. बारामतीत लहान मुलांच्या एका दवाखान्यात आया आहे. घरी माझी सना आहे, चार वर्षांची. ती सासूबाईंजवळ असते आणि माझं अर्धं चित्त तिच्याजवळ असतं. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढं जे काही मी केलं, ते आया म्हणून कमी आणि सनाची आई म्हणून जास्त केलं.

*

गेल्या वर्षी दवाखान्यात नवीन नियम आले. पोराला हात लावणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा. शिवाय नात्याबाहेरच्या दोन माणसांनी लिहून द्यायचं, की आम्ही यांना ओळखतो. सगळे कागद पोचले की हिरव्या दोरीचं कार्ड. तोवर पिवळी दोरी. पिवळ्या दोरीवाल्यानं पोराजवळ एकटं थांबायचं नाही. दार उघडं पाहिजे आणि खोलीत हिरव्या दोरीचं नाहीतर पोराच्या घरचं दुसरं मोठं माणूस पाहिजे.

मॅट्रनबाईंनी हे वाचून दाखवलं, तशी मागं कुजबुज झाली. हे सगळं आपल्या आया-शिपायांसाठीच असणार, मोठ्या डॉक्टरांना कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर राउंडला आले. गळ्यात नळी आणि नळीच्या खाली पिवळी दोरी.

आमच्यात सगळ्यात आधी दाखला आला तो शांतामावशींचा. साठीच्या आहेत, सगळ्यात जुन्या. मग काही दिवस असं चाललं, की डॉक्टर पोराला तपासतायत आणि दुसरं माणूस म्हणून कोपऱ्यात स्टुलावर शांतामावशी. एकदा वाऱ्यानं दार लोटलं गेलं. मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "डॉक्टर, दार."

डॉक्टर उठले. दार उघडून त्याला कचऱ्याचा डबा लावला आणि म्हणाले, "मावशी, माझ्या लग्नात सासऱ्यांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती."

मावशी म्हणाल्या, "त्येंची राहिली ती मी करती."

*

हळूहळू एकेकाची दोरी हिरवी झाली. माझी पिवळीच राहिली.

त्याचं कारण फॉर्मवरचा एक प्रश्न. तुमच्यावर कधी तक्रार किंवा गुन्हा दाखल झाला आहे का? हो किंवा नाही, खूण करा.

गोष्ट अशी. आमचा आणि चुलत सासऱ्यांचा, म्हणजे शिकंदरचाचांचा, ऊस एकमेकांना लागून आहे. मधे बांध. बांध कुणी कोरला यावरून चार वर्षांपूर्वी बाप्यांची मारामारी झाली आणि चाचांनी आमच्या घरावर केस घातली. आता केस घालायची तर नावं पाहिजेत. आमच्या रेशनकार्डाची एक झेरॉक्स त्यांच्या घरी पडलेली होती. तिच्यावरून त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं उतरवून दिली. सात नावं. त्यात माझ्या आजेसासूबाई होत्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती! आणि मी होते. मी म्हणे खुरपं उगारलं. ज्या दुपारी मी सणसरच्या बांधावर खुरपं उगारलं, त्या दुपारी मी बारामतीत बाळंतपणाच्या टेबलावर होते. सना त्याच दुपारी झाली.

चौकशीला हवालदार आले. त्यांनी आजेसासूबाईंचं नाव लगेच काढलं. माझ्याबाबतीत म्हणाले, तुमी हायात, तुमी कोर्टात सांगा.

चार वर्षं झाली, सांगायची पाळी अजून आली नाही. मेलेली बाई सुटली, बाळंतीण अडकून बसली.

*

फॉर्म भरायला बसले, तेव्हा नवरा म्हणाला, "न्हाय लिव. कोण बघतंय?" सना मांडीवर झोपलेली होती. मी पेन धरून बराच वेळ बसले. मनात एकच आलं. माझी सना उद्या एखाद्या दवाखान्यात असेल, तिच्याजवळ बसणाऱ्या बाईनं पहिल्याच कागदावर खोटं लिहिलं असेल, तर मला चालेल का?

मी 'हो'वर खूण केली. नवरा दोन दिवस बोलला नाही.

ऑफिसात कागद बघणाऱ्या मॅडम आहेत, त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. सनाच्या जन्माच्या वेळचा दवाखान्याचा कागदही बघितला. म्हणाल्या, खरं लिहिलंत ते बरं केलंत, पण निर्णय कमिटीचा. बाहेरच्या माणसांची दोन पत्रं महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत आणा. नाही आली, तर तुम्हाला वॉर्डात ठेवता येणार नाही. दुसरीकडं कुठं जागा नाही, तेही त्यांनी खाली बघून सांगितलं.

हातात पाच आठवडे होते.

*

पत्र मिळवणं तसं सोपं. आपल्याकडं ओळख नसली तरी सही मिळते. एक्स-रे काढणारे भाऊ आहेत आमच्याकडं, चांगला माणूस. त्यांनी गावाकडच्या एका पुढाऱ्याचं छापील कागदावरचं पत्र आणलं. मॅडमनी तिथंच फोन लावला, स्पीकरवर. मी माझे कागद घेऊन शेजारीच उभी होते.

पुढारी म्हणाले, "सोन्यासारखा माणूस. आमच्या घरातलाच समजा. डोळं झाकून ठिवून घ्या."

मॅडमनी विचारलं, कधीपासून ओळखता?

"ल्हानपणापास्नं."

मॅडमनी विचारलं, आता त्यांचं वय साधारण काय असेल?

फोनमध्ये कुणीतरी खोकलं. मग आवाज आला, "बाप्या हाय का बाईमाणूस, तेवढं सांगा. म्हंजी अंदाज येतो."

एक्स-रेवाले भाऊ खुर्चीतून उठले आणि बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. मॅडमनी त्या दिवशी पत्राची पद्धतच बंद केली. चार प्रश्नांचा छापील कागद काढला. ओळख देणाऱ्यानं ऑफिसात येऊन, समोर बसून, स्वतःच्या हातानं लिहायचं. शेवटचा प्रश्न असा होता: ही व्यक्ती तुमच्या मुलाजवळ एकटी असेल, तर तुम्हाला काळजी वाटेल का?

माझा एक कागद झाला. अंगणवाडीच्या बाई स्वतः एसटीनं येऊन लिहून गेल्या. दुसऱ्यासाठी मी गावात फिरले. माझ्यासाठी लिहावं तर शिकंदरचाचांना राग, लिहू नये तर आम्हाला राग. म्हणून सगळे चहा पाजायचे आणि म्हणायचे, "उद्या ये की."

एका घरी मी चार उद्या गेले.

*

हा पुढचा किस्सा आम्ही डबा खाताना सांगत नाही.

दुपारची वेळ होती. तीन नंबरच्या खोलीत शेळगावची एक मुलगी होती, गौरी, सहा वर्षांची. तिची आई खाली मेडिकलमध्ये औषधं आणायला गेली. शांतामावशी तिच्याजवळ होत्या. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून सिस्टरनी मावशींना हाक मारली, एका पोराला उलटी झाली होती. मावशी गेल्या. राहिले मी, पिवळ्या दोरीची.

आत जाऊन बसले तर नियम मोडतो. निघून गेले तर पोरगी एकटी पडते. म्हणून उंबऱ्यात उभी राहिले. एक पाय आत, एक बाहेर.

पांढऱ्या कोटातला एक माणूस आला. तोंडाला मास्क. म्हणाला, गौरीला रक्त तपासायला खाली न्यायचंय. नाव बरोबर घेतलं. नाव पलंगाच्या पाटीवर लिहिलेलं असतं आणि पाटी दारातून दिसते, हे माझ्या नंतर ध्यानात आलं. गौरी शहाणी पोर. उचलून घ्यायला तिनं दोन्ही हात वर केले होते.

मी त्याच्या गळ्याकडं बघितलं. दोरी नव्हती, हिरवी नाही आणि पिवळी पण नाही. कार्ड विचारलं तर म्हणाला, दुसऱ्या कोटात राहिलंय. उशीर झाला तर डॉक्टरांना तूच सांग, म्हणाला. खरा लॅबवाला असला, तर माझी आजच सुट्टी होणार होती.

म्हटलं, कार्डाशिवाय न्हाय देता यायची. माझा आवाज असा निघाला, जसं मीच काही मागतेय.

त्यानं माझ्या कार्डाकडं बघितलं. "तुझी दोरी तर पिवळी हाय. तू कोण इचारनार?"

"म्हणून तर हितं उभी हाय," मी म्हटलं. "मी आत जात न्हाय. तुमीबी जायचं न्हाय."

तो थोडा हसल्यासारखा वाटला, मास्कमुळं कळलं नाही. मग म्हणाला, थांब, कार्ड घेऊन येतो. घाई न करता जिन्यानं खाली गेला.

गौरीची आई आली, मावशी आल्या, मॅट्रनबाई आल्या. खाली लॅबमध्ये विचारलं. त्यांनी कुणालाच पाठवलं नव्हतं. कॅमेऱ्यात त्याची पाठ दिसली आणि मास्क दिसला. पोलीस येऊन सगळं लिहून घेऊन गेले. मॅट्रनबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, पण दोरी बदलायचं त्यांच्या हातात नव्हतं.

कार्ड आणतो म्हणाला होता. अजून आणतोय.

*

त्या दिवसापासून माझी झोप गेली. घरी गेले की सनाला समोर बसवायची आणि शिकवायची. कुणीही हात लावायला आलं की काय विचारायचं? "कार्ड." नसलं तर? "दार लावायचं." अम्मीनं पाठवलंय म्हणाले तर? "तरी कार्ड."

नवरा म्हणायचा, पोरगी आहे का वॉचमन?

पोलिओच्या रविवारी आशाताई डोस घेऊन आल्या. त्यांच्याच हातानं सनाचे सगळे डोस झालेत. सनानं उंबऱ्यातून कार्ड मागितलं. आशाताईंचं कार्ड गाडीच्या डिकीत होतं. पोरीनं दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली! आशाताई उन्हात डिकी उघडून पर्स उपसतायत, शेजारपाजार गोळा झालाय, आणि सना खिडकीच्या गजातून म्हणतेय, "फोटो दिसंना. जवळ धरा."

सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "उद्या ही मलाबी इचारंल."

दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी विचारलं.

*

महिना संपायला तीन दिवस राहिले. दुसरा कागद नव्हताच. मी कपाटातला माझा ग्लास आणि ताटली घरी नेऊन ठेवली होती.

त्या दुपारी तातडीच्या खोलीत एक पोर आलं. ताप डोक्यात चढून झटका आलेला. मी बादली घेऊन दारातून जात होते. बघते तर शिकंदरचाचांचा नातू, अयान, तीन वर्षांचा. सोबत फक्त चाचा. अयानची आई दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी इंदापूरला, बाप कंपनीत ड्यूटीवर आणि त्याचा फोन लागेना. चाचा शेजाऱ्याच्या गाडीत पोराला मांडीवर घेऊन आले होते. टोपी वाटेत कुठंतरी पडली होती.

झटका थांबला, डॉक्टरांनी सुई लावली, पण पोर भेदरलेलं. कुणाला जवळ येऊ देईना. एकदा सुई उपसून काढली. रक्त आलं. चाचा एका हातानं पोराच्या बापाला फोन लावत होते, ते पोराला काय धरणार. शांतामावशी काचेच्या पेटीतल्या बाळांकडं होत्या, त्यांना तिथून हलता येत नव्हतं.

तेवढ्यात अयाननं मला बघितलं आणि हात पसरले. "सनाची अम्मी."

चाचांनी मान वर केली. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. त्यांना माहीतच नव्हतं. अयान रोज संध्याकाळी बांध ओलांडून आमच्याकडं येतो, सनासोबत एका ताटात जेवतो आणि तोंड पुसून परत जातो. बांधाचं भांडण त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, हिच्याकडं देते, पण हिची दोरी पिवळी आहे. दुसरं माणूस लागेल. आजोबा, तुम्ही बसा. उठायचं नाही.

मी पलंगावर, मांडीवर अयान, त्याचा सुईचा हात माझ्या हातात. समोर स्टुलावर चाचा. दार उघडं. असे आम्ही तीन तास बसलो. मला एकच धास्ती, सुई हलली, ताप परत चढला, तर पुढची केस एकटीच्या नावावर.

पहिल्या तासात अयान झोपला. मग चाचांनी विचारलं, "तुजी दोरी पिवळी का गं?"

"केस हाय माझ्यावर."

चाचा म्हणाले, "कसली?"

"खुरपं उगारल्याची."

त्यांनी खरंच आठवून बघितलं, तोंडावर दिसत होतं. झेरॉक्सवरून नावं उतरवताना माणूस नावं उतरवतो, माणसं नाही.

"कवा?"

"सना झाली त्या दिवशी."

पुढचे दोन तास चाचा सलाईनचे थेंब बघत बसले. संध्याकाळी अयानचा बाप आला. ताप उतरला होता. चाचा स्टुलावरून उठले, गुडघे चोळले आणि निघून गेले.

*

महिन्याचा शेवटचा दिवस. मॅडमनी ऑफिसात बोलावलं. मी एप्रन काढून, घडी घालूनच गेले.

खुर्चीत शिकंदरचाचा बसले होते. नवी टोपी. पिवळी दोरी हिरवी कशी होते, हे त्यांनी त्या संध्याकाळी जाताना सिस्टरना विचारलं होतं. समोर तो चार प्रश्नांचा कागद. मॅडम मला म्हणाल्या, हे तुमच्यासाठी लिहायला आलेत, पण माझी अडचण झालीय. आडनाव तेच, गाव तेच. नात्यातलं माणूस चालत नाही.

मी तोंड उघडायच्या आत चाचा बोलले. "नातं न्हाय."

मॅडम म्हणाल्या, असं कसं?

"कोर्टात इचारा. तितं मी लिवून दिलंय, ह्येंचा आमचा काय संबंध न्हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग कमिटीवर वकीलबाई आहेत, त्यांना फोन लावला आणि खिडकीकडं तोंड करून बराच वेळ बोलल्या. मधेच त्यांनी चाचांना विचारलं, की केस तुम्हीच घातलीय ना? चाचा म्हणाले, व्हय. मॅडमनी ते फोनमध्ये सांगितलं. मग नुसतं हूं, हूं. फोन ठेवून म्हणाल्या, केस घालणाराच ओळख देतोय, यात नात्याची भीड नाही, आणि कागद चाचांच्या पुढं सरकवला. मला बाहेर थांबायला सांगितलं.

चाचांना लिहायला अर्धा तास लागला. बाहेर आले ते माझ्याकडं न बघता जिना उतरून गेले. केस अजून आहे. पुढच्या महिन्यात तारीख आहे, आमचा वकील आणि त्यांचा वकील, दोघंही आहेत तसेच आहेत.

दुपारी कमिटी बसली. सनाच्या जन्माचा कागद, अंगणवाडीच्या बाईंचा कागद, तीन नंबरच्या खोलीचा मॅट्रनबाईंनी लिहिलेला कागद आणि चाचांचा कागद. चार वाजता मॅट्रनबाईंनी स्वतः माझ्या गळ्यातली पिवळी दोरी काढली आणि हिरवी घातली. शांतामावशी म्हणाल्या, "आता ग्लास आन परत."

मी मॅडमना विचारलं, चाचांनी शेवटच्या प्रश्नाला काय लिहिलंय? म्हणाल्या, दाखवायचा नियम नाही. मग दाराकडं बघितलं, दार उघडंच होतं. कागद माझ्याकडं फिरवला.

ही व्यक्ती तुमच्या मुलाजवळ एकटी असेल, तर तुम्हाला काळजी वाटेल का?

खाली पेन दाबून, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं:

"पोराची न्हाय. बांधाची वाटती."